स्मॅशच्या आधीचे दोन हात

श्रोतेहो, नमस्कार.

व्हॉलीबॉलचा सामना बघून आलेल्या माणसाला विचारा, काय पाहिलंस? तो स्मॅश सांगेल. चेंडू कसा जमिनीत घातला, समोरचे कसे बघत राहिले. तो चेंडू हवेत नेमका कोणी ठेवला होता, हे त्याच्या बोलण्यात येणार नाही. ठेवणारा असतो सेटर, आपल्या मैदानांवरचा लिफ्टर. आणि स्मॅश फसला की बोलणी मात्र स्मॅशरला बसतात. माझ्या मते बरेचदा ती चुकीच्या माणसाला बसतात.

पुरुषांच्या सामन्यात जाळ्याची उंची २.४३ मीटर, महिलांच्या २.२४. स्मॅशर तीन-चार पावलं धावत येतो आणि उडी घेतो. एकदा पाय सुटले की हवेत दिशा बदलता येत नाही. आता चेंडू जाळ्याला चिकटून आला, तर हात मोकळा फिरत नाही. पलीकडे ब्लॉकरचे, म्हणजे जाळ्यापाशी उडी मारून मारा अडवणाऱ्याचे, पंजे तयारच असतात आणि चेंडू आपल्याच पायाशी पडतो. तो जाळ्यापासून फार मागे राहिला, तर मारा सपाट जातो आणि मागचे खेळाडू तो निवांत उचलतात. कमी उंच आला, तर घाईत कोपर खाली येतं. कडेच्या अँटेनापर्यंत, म्हणजे जाळ्याच्या टोकाला उभ्या काठीपर्यंत, पोहोचलाच नाही, तर रेषेलगतचा मारा अवघड होतो, शिवाय मधल्या ब्लॉकरची धाव वाचते ती वेगळीच.

पण चेंडू योग्य जागी ठेवला म्हणजे झालं, असंही नाही. खरा प्रश्न असतो, स्मॅशरसमोर ब्लॉकर किती उरले? उंच लिफ्ट खाली येईपर्यंत मधला ब्लॉकर सरकत कडेला पोहोचतो, आणि समोर दोन जणांची भिंत उभी राहते. तोच चेंडू सपाट आणि वेगाने गेला, तर भिंत अर्धवट राहते. उंच लिफ्ट वाईट नव्हे. रिसीव्ह, म्हणजे पलीकडून आलेला चेंडू उचलून लिफ्टरकडे देणं, बिघडला की तीच कामाला येते. मात्र सगळा सामना तिच्यावर काढणाऱ्या संघाचा स्मॅशर चौथ्या सेटपर्यंत दमलेला असतो.

याचा सगळ्यात सुंदर दाखला जपानचा. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पुरुष संघाला कांस्य मिळालं, १९६८ला मेक्सिकोत रौप्य. प्रशिक्षक यासुताका मात्सुदाइरा यांनी ओळखलं, की युरोपच्या धिप्पाड संघांशी नुसत्या उंचीवर झुंजून भागणार नाही. त्यांनी झुंज वेळेवर नेली. सेटर होता कात्सुतोशी नेकोदा. त्याच्या हातून चेंडू सुटायच्या सुमारासच मधला स्मॅशर हवेत असे, म्हणजे नेकोदाला चेंडू त्याच्या फिरत्या हातात नेऊन द्यावा लागे. जुंगो मोरिता तर आणखी पुढे गेला. तो उडीचा आव आणायचा, ब्लॉकर फसून उडायचा, आणि तो खाली येत असताना मोरिता खरोखर उडी घ्यायचा. ही चलाखी मोरिताची खरीच, पण लिफ्ट जरा जरी लवकर किंवा उशिरा आली असती, तर हसू त्याचंच झालं असतं. १९७२ला म्युनिकमध्ये उपांत्य सामन्यात बल्गेरियाविरुद्ध पहिले दोन सेट गमावूनही जपान ३-२ ने जिंकला आणि अंतिम सामन्यात पूर्व जर्मनीला ३-१ ने हरवून सुवर्णपदकावर पोचला. त्या संघात १९० सेंटिमीटरहून उंच खेळाडूही होते, हे विसरू नका. नुसत्या युक्तीवर पदक मिळत नाही.

आपल्याकडे सरावात काय दिसतं? स्मॅशरची रांग लागते, कुणीतरी हाताने छान चेंडू उडवून देतो आणि सगळे आनंदाने मारत सुटतात. सामन्यात असा चेंडू येतो कुठे? लिफ्टरला वेडेवाकडे रिसीव्ह द्या, धावत जाऊन, वाकून, पाठ जाळ्याकडे असताना लिफ्ट करायला लावा, आणि स्मॅशरला त्यावरच मारू द्या. दोघांची जोडी तिथेच जुळते.

आणि पुढचा सामना बघाल तेव्हा एवढं करा. चेंडू लिफ्टरच्या हातात असताना नजर पलीकडच्या मधल्या ब्लॉकरच्या पायांवर ठेवा. ते चुकीच्या बाजूला वळले, तर स्मॅश होण्याआधीच तुम्हाला गुण कोणाचा ते कळलेलं असेल.