ग्रिड गाण्यामागे चालवा

तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे अशी एक तरी फाईल असणार. देवळातलं भजन, गुरुजींची बैठक, नाहीतर आजोबांच्या आवाजातला अभंग. गायलेलं सुरेख आहे, पण क्लिक, म्हणजे ठरावीक लयीची टिकटिक, लावून गायलेलं नाही. आता त्याखाली बेस घालायचाय, स्ट्रिंग्जचा पॅड (मागे लांब धरलेले सूर) घालायचाय. फाईल रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढली की दुसऱ्याच आवर्तनात गाणं एकीकडे आणि बारच्या (ठरावीक मात्रांच्या गटांच्या) रेघा, म्हणजे ग्रिड, भलतीकडे.

यावर उपाय दोन. एक म्हणजे गाणं ताणून-आवळून रेघांवर बसवायचं. एबलटन लाइव्हमध्ये त्याला वॉर्प म्हणतात, प्रो टूल्समध्ये इलॅस्टिक ऑडिओ. दुसरा, गाण्याला हात न लावता रेघाच सरकवायच्या, म्हणजे टेम्पो मॅप करायचा. माझं मत आधीच सांगून टाकतो: आपल्याकडच्या रेकॉर्डिंगला बहुतेक वेळा दुसराच उपाय लावावा. पहिला चटकन जमतो म्हणून सगळे तिकडे धावतात.

भजनाचंच घ्या. समजा ७६ बीपीएमला (मिनिटाला ७६ मात्रा) सुरू झालं आणि शेवटच्या गजराला ८४वर पोचलं. पखवाजवाल्याचा हात घसरला म्हणून ते झालेलं नाही. टाळकरी रंगात आले, लय चढली. ते सगळं सपाट ७६वर आणून बसवा आणि गजर ऐका. सगळे एकदम दमल्यासारखे वाटतात.

शिवाय आवाजाचं नुकसान वेगळंच. सूर न बदलता ध्वनी लांबवायचा म्हणजे त्याचे एकमेकांवर चढलेले बारीक तुकडे करून ते नव्या अंतरावर पुन्हा मांडायचे. १९६६ साली बेल लॅब्सच्या फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी फेज व्होकोडर मांडला. आजच्या अनेक पद्धती त्याच वाटेने जातात. हार्मोनियमचा लांब सूर हे सोसतो. तबल्याचा किनारीवरचा ‘ना’ सोसत नाही. त्याचा सगळा जीव पहिल्या काही मिलिसेकंदांत असतो, आणि नेमका तोच भाग पसरतो किंवा दोनदा वाजल्यासारखा येतो. त्यापेक्षा टेपसारखा वेगच बदलू, असं कोणी म्हणेल. लाइव्हमध्ये ‘री-पिच’ त्यासाठीच आहे. पण वेग १ टक्का बदलला तरी सूर सुमारे १७ सेंट सरकतो, आणि १०० सेंटला एक अर्धस्वर होतो. तानपुऱ्यावर मिळवलेला गळा इतका हलला तर कान असलेल्या माणसाला कळतंच.

आणखी एक. गळ्याला एक माइक, पखवाजाला एक, पेटीला एक असं रेकॉर्डिंग असेल, तर गळ्याच्या माइकमध्येही पखवाज शिरलेला असतो. नुसता पखवाजाचा ट्रॅक वॉर्प केलात तर प्रत्येक थाप दोन ठिकाणी ऐकू येईल. ताणायचंच असेल तर सगळे ट्रॅक एका गटात बांधून, एकाच खुणांवर ताणा. टेम्पो मॅपमध्ये ही भानगडच नाही, कारण ऑडिओ जिथल्या तिथेच असतो.

म्हणजे, तो जिथल्या तिथे राहील अशी आधी तजवीज केलीत तर! टेम्पो बदलला की काही प्रोग्राम ऑडिओलाही बारबरोबर ओढून नेतात, आणि तुम्ही एक खूण लावता तोवर आधीची सुटते. म्हणून पहिलं काम हे: रीपरमध्ये टाईमबेस ‘टाईम’वर ठेवा, क्यूबेसमध्ये ट्रॅक ‘लिनियर’ करा, प्रो टूल्समध्ये ‘टिक्स’ऐवजी ‘सॅम्पल्स’, लॉजिकमध्ये रीजन (ऑडिओचा तुकडा) एसएमपीटीई पोझिशनला, म्हणजे घड्याळाच्या वेळेला, लॉक. लाइव्हमध्ये क्लिपलाच टेम्पोचा लीडर करता येतं.

आता खुणा. भजनी ठेका ८ मात्रांचा. बार ४/४चा, म्हणजे ४ मात्रांचा, ठेवलात तर सम (आवर्तनाची पहिली मात्रा) १, ३, ५, ७ अशी विषम बारवर येत जाईल. प्रो टूल्समध्ये टॅब-टू-ट्रान्झिएंटने (टॅब दाबलं की पुढच्या ठोक्यावर नेणारी सोय) पखवाजाच्या समेच्या थापेवर जायचं, कमांड-आय दाबायचं (विंडोजवर कंट्रोल-आय), बारचा आकडा लिहायचा आणि एंटर. मधला टेम्पो प्रोग्राम काढतो. खूण पखवाजावर लावा, टाळांवर नाही. दहा टाळकऱ्यांची सम दहा जागी पडलेली असते. गळ्यावर तर नकोच. गवई समेवर येतो तो अलगद, आणि त्याचा स्वर कुठे सुरू झाला हे लाटेत शोधत बसावं लागतं.

एका ताईंनी मघाशी विचारलं, प्रत्येक मात्रेवर खूण लावली तर जास्त अचूक होणार नाही का? हिशोबच करू. १२० बीपीएमला एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. तुमची एक खूण १० मिलिसेकंद पुढे पडली. आता ती मात्रा ५१०ची झाली, म्हणजे टेम्पो ११७.६, आणि पुढची ४९०ची, म्हणजे १२२.४. प्रत्यक्षात वादकाने काहीच केलं नाही, पण तुमच्या स्ट्रिंग्ज अडखळतात, टेम्पोला बांधलेला डिले (प्रतिध्वनी) तर कसाही वागतो. तीच १० मिलिसेकंदांची चूक ८ मात्रांच्या आवर्तनावर पसरली तर टेम्पो येतो ११९.७. कुणाला कळतही नाही. म्हणून आवर्तनाला एक खूण, समेवर. तिहाईमध्ये किंवा दुगुणीला (दुप्पट लयीला) उडी मारताना मध्येच लय हलली असेल तर तेवढ्यापुरती एखादी जास्त. मात्रांमधलं पुढे-मागे होणं ग्रिडमध्ये आणायचंच नाही. तो वादकाचा हात आहे.

आपोआप टेम्पो काढणारी साधनं आता सगळीकडे आहेत. लॉजिकमध्ये २०१८पासून स्मार्ट टेम्पो आहे. वापरा, पण डोळे मिटून नको. ८०चं गाणं १६० धरणं ही त्यांची नेहमीची खोड. आणि सात मात्रांच्या रूपक तालात तर गंमतच होते. ती ती ना, धी ना, धी ना: सम ‘खाली’ची, म्हणजे घुमाऱ्याविना रिकामी; बायाचा (डग्ग्याचा) घुमारा येतो चौथ्या मात्रेवर. यंत्र ऐकतं वजन, त्याला ‘खाली’ काय कळणार? ते चौथ्या मात्रेला बारची सुरुवात समजून बसू शकतं. मीटर ७/४ आहे आणि पहिली मात्रा इथे आहे, हे दोन्ही आपण सांगायचं.

विलंबित एकतालात अडचण निराळी. मात्रा ४ सेकंदांची असेल तर लय झाली १५, आणि लाइव्ह २०च्या खाली जात नाही. मग एका मात्रेला ४/४चा एक बार द्या: टेम्पो ६०, बारा बारांचं आवर्तन, ४८ सेकंद. तबलजीही मनात मात्रेचे चार भाग करूनच भरणा करत असतो, त्यामुळे ही विभागणी उपरी वाटत नाही.

आणि आलाप? त्याला लय लावू नका. फक्त पहिली सम एखाद्या बारच्या तोंडाशी यायला हवी. समेआधी मुखड्यासकट ४० सेकंदांचा भाग असेल तर तिथे ६० बीपीएमचे १० बार ठेवा; अकराव्या बारवर सम. त्या दहा बारांना सांगीतिक अर्थ काही नाही, नुसती भरती आहे. तिथे पॅड घालायचा तर ग्रिड बंद करून कानाने घाला.

मॅप झाला की तो बासरीवाल्याला पाठवायचा, आणि त्याचं सॉफ्टवेअर तुमच्याहून वेगळं असतं. मिडी फाईल (आवाज नाही, नुसत्या सूचना) एक्स्पोर्ट करा, टेम्पो आणि मीटर त्यात जातात. सोबत शून्यापासून सुरू होणारी वेव्ह फाईल. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) नावातच लिहा. ४८ हजारांची फाईल कोणी ४४.१ हजार समजून वाजवली तर सूर जवळजवळ दीड अर्धस्वर खाली जातो. बासरीवाला फोनवर ऐकूनच वाजवणार असेल, तर मॅपवरून क्लिक बाऊन्स करून (ऑडिओ फाईल काढून) द्या, समेची टिचकी वरच्या सुरात. गाणं सुरू होण्याआधी दोन रिकामी आवर्तनं सोडा.