रतनचं आडनाव

(मोती तलाव, पहाट)

सावंतवाडी अजून जागी व्हायची आहे. तलावाच्या काठाने दोन-चार माणसं फिरतायत. समोर राजवाडा. पलीकडे चितारआळी. थोड्या वेळाने तिथल्या दुकानांच्या फळ्या निघतील आणि लाकडाचे आंबे, केळी, फणस ताजे असल्यासारखे मांडले जातील.

या वाडीच्या, सिनेमात गेलेल्या एका मुलीची गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी रात्रीचं हे बघायला हवं.

(देवळामागची पडवी, जत्रेची रात्र)

पेटारा उघडलाय. दशावतारातलं, म्हणजे इथल्या लोकनाट्यातलं, स्त्रीपात्र तयार होतंय आणि तयार होणारा आहे बाप्या माणूस. मांडी घालून बसलाय, डाव्या हातात तळव्याएवढा आरसा. तोंडाला रंग लावून झाला, आता भुवया. काडी फिरते, बोटाने पुसली जाते, पुन्हा फिरते. घाई नाही. टोप, अंबाडा, गजरा. नऊवारीच्या निऱ्या हनुवटीखाली दाबून धरल्यात. कुंकू टेकवलं आणि बघा, मान वळली ती बाईचीच.

लिहिलेली संहिता नाही. आख्यान ठरतं, संवाद तिथल्या तिथे सुचतात. पेटीवाला सूर देतो, पखवाज घुमतो आणि राणी बाहेर पडते.

(पखवाज. निवेदन नाही.)

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्येही तारामती झाले ते अण्णा साळुंके. कॅमेऱ्यासमोर उभी राहायला बाई मिळेना. फाळक्यांच्याच पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला आल्या. तरीही घरंदाज म्हणवणाऱ्या घरांची दारं पुढे कितीतरी वर्षं बंदच होती. सुरुवातीच्या काळात पडद्यावर आलेल्या कित्येकजणी कलावंतिणींच्या घरांतल्या. गाणं, बोलणं, सभेत उभं राहणं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्या नशीब काढायला आल्या नव्हत्या, विद्या घेऊन आल्या होत्या. हे ठासून सांगायला हवं, कारण त्यांच्याबद्दल बाकी सगळं बोललं गेलं, हे मात्र राहून गेलं.

(जुन्या घराचं अंगण, तुळशीवृंदावन)

रतन भालचंद्र साळगावकर. जन्म १९२३ चा. घराणं सावंतवाडीचं, कलावंतांचं. मुंबईत घर चालवायचा भार फार लवकर तिच्या अंगावर पडला आणि १९३६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, ती सिनेमात उभी राहिली. पडद्यावर ना रतन आली, ना साळगावकर. आली हंसा वाडकर. घरचं आडनाव मागे राहिलं, तरी नव्या आडनावात वाडी आहेच.

पुढे बॉम्बे टॉकीज ही चित्रपट कंपनी. मग प्रभात फिल्म कंपनीत १९४१ ची ‘संत सखू’. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ने तिला महाराष्ट्राच्या घराघरांत नेलं. आणि १९५९ मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’, पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे! वारकऱ्यांची सखू आणि फडावरची तमासगीर, दोन्ही त्याच एका बाईने केल्या.

मोडलेला संसार, दारू, दुरावलेली मुलगी, हे तिने आत्मचरित्रात स्वतःच सांगितलंय, आडपडदा न ठेवता. १९७१ मध्ये ती गेली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. त्याच आत्मचरित्रावरून १९७७ मध्ये श्याम बेनेगलांनी ‘भूमिका’ केला. स्मिता पाटीलला त्यातल्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

(चितारआळी, सकाळ)

वाडीला आलेला पाहुणा इथून लाकडी फळं घेऊन जातो. त्याला राजवाडा दाखवतात, तळं दाखवतात. हंसाबाईंचं नावही त्याला इथेच ऐकायला मिळावं, वाडीच्या माणसाच्या तोंडून.

(पडवी, उजाडताना)

खेळ संपला. राणीने गजरा काढून खुंटीला अडकवला. खोबरेल तेलाने अर्धा चेहरा पुसून झालाय, कुंकू अजून तसंच आहे.