रामनगरचा बंड्या

मे महिन्यात नागपुरात ऊन चढल्यावर फुटाळा तलावाच्या रस्त्यावर फिरायला निघणे शहाणपणाचे नसते, म्हणून एक काकू आणि त्यांचा तपकिरी कुत्रा बंड्या पहाटे पाचच्या सुमारास रामनगरातील घरातून बाहेर पडतात. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना; अंगातील उष्णता तो धापा टाकूनच बाहेर काढतो, आणि पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की तापलेल्या डांबरावर त्याला चालवणे हा निव्वळ छळ ठरतो. पहाटेची ही वेळ बंड्याच्या सोयीसाठी ठरली असली, तरी अंथरुणातून उठण्याचे एखादे कारण त्याच्यापेक्षा काकूंनाच अधिक हवे होते.

काकूंचे पती हृदयविकाराने गेले. तेरवी आटोपली, पाहुणे पांगले, मुलगा पुण्याला परतला, आणि एकटीसाठी चूल पेटवायची कशाला, या प्रश्नाचे उत्तर काकूंना सापडेना. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात, ६ महिन्यांहून अधिक काळ टिकून रोजचे जगणे अडवून ठेवणाऱ्या शोकाला स्वतंत्र विकार म्हणून स्थान मिळाले आहे. काकूंचे दुःख त्या व्याख्येत बसत होते की नाही, हे ठरवणे आमचे काम नव्हे.

बंड्या पावसाळ्यात फाटकाच्या आत, जिन्याखाली येऊन बसला आणि तेथून हलेना. त्याच्या एका कानाच्या टोकाला खाच आहे. ही खाच भांडणातील जखमेची नाही. नसबंदी झालेला कुत्रा दुरून ओळखता यावा म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळीच ती पाडली जाते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार अशा कुत्र्याला नसबंदी आणि रेबीजची लस झाल्यावर, ज्या ठिकाणाहून उचलले त्याच ठिकाणी परत सोडावे लागते. एवढे सगळे होऊनही तो रस्त्यावरचाच राहतो, हे या व्यवस्थेचे अपुरेपण आहे, आणि ते भरून काढणे लोकांच्याच हाती आहे.

सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्याला प्रथम टेबलावर चढवले, तेव्हा कानांमागे गोचिड्यांचे थर होते. त्या काढण्यात, जंतनाशकाची मात्रा वजनानुसार ठरवण्यात आणि लसीची नोंद कार्डावर करण्यात बराच वेळ गेला. दूध-पोळी बंद करून भात आणि उकडलेली अंडी द्यावीत, फोडणीतील कांदा-लसूण त्याच्या वाटीत मुळीच पडू नये, असे डॉक्टरांनी बजावले. त्या दिवसापासून बंद पडलेले स्वयंपाकघर पुन्हा चालू झाले. काकू म्हणतात, “याच्यासाठी भात लावते न, मग मूठभर तांदूळ आपलेही टाकून देते. मी ताट घेतल्याशिवाय हा तोंडच लावत नाही.”

जपानमधील संशोधकांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेले संप्रेरक वाढते; माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र तसे आढळले नाही. त्या प्रयोगात वंशावळीचा दाखला लागत होता, असे आमच्या वाचनात नाही. दाट केसांच्या हस्कीला विदर्भाच्या उन्हाळ्यात एसीच्या खोलीत कोंडून ठेवणाऱ्या हौशी मंडळींनी आपल्याच गल्लीतील कुत्र्यांकडे एकदा पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.

बंड्या एकदा पार्सल घेऊन आलेल्या मुलाच्या अंगावर धावून गेला होता आणि शेजाऱ्यांनी तक्रारही केली होती. तेव्हापासून फाटकाची कडी लावलेली असते. काकूंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर व्हायची आहे. त्या काळात पहाटे त्याला फिरवून आणण्याचे वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्याने कबूल केले आहे, फक्त पाचऐवजी सहा वाजता.