खुराडं आतून बघा

(दृश्य: पहाट. खुराड्याचं दार वर सरकतं, कोंबड्या फळीवरून खाली उतरतात.)

रात्रभर या कोंबड्या आत होत्या. आता त्या बाहेर पडताहेत, तोवर लगेच आत डोकं घाला आणि श्वास घ्या. डोळे चुरचुरले, नाकाला झोंबलं, तर खुराडं चुकलंय.

विकत घेताना हा श्वास घ्यायची सोय नसते. रिकामं, नवंकोरं खुराडं लाकडाचाच वास देतं. त्यामुळे रंग, उतरतं छप्पर, खिडकीची नक्षी बघून सौदा ठरतो. कोंबडी मात्र तिथे येते झोपायला आणि अंडं घालायला. तेव्हा बघायला सुरुवात करायची ती झोपायच्या दांडीपासून.

(दृश्य: दांडीवर टेकलेले पंजे, अगदी जवळून.)

ही दांडी ५ सेंटिमीटर रुंद आहे आणि तिच्या वरच्या कडा रंधा मारून गोल केल्या आहेत. कोंबडी पावलं सपाट टेकवते, मग खाली बसते, आणि पोटाची पिसं बोटांवर उतरतात. बारीक काठीवर असं बसता येत नाही; छातीच्या हाडावर भार येतो. लोखंडी किंवा प्लॅस्टिकचा पाइप घसरतो, तो नकोच. प्रत्येक कोंबडीला दांडीवर २० ते २५ सेंटिमीटर जागा धरा. भिंतीपासून दांडी ३० सेंटिमीटर तरी लांब हवी, नाहीतर शेपटीची पिसं घासून झडतात. दोन दांड्या असतील तर दोन्ही सारख्याच उंचीवर घ्या, कारण उंच जागेसाठी रोज संध्याकाळी टोचाटोची होते.

आणि अंडी घालायचे खोके दांडीपेक्षा खाली असावेत. खोका वर असला की कोंबड्या त्यातच झोपतात, आणि सकाळचं अंडं शीटेत पडतं. खोका ३० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि उंच, थोडा अंधारा. तीन-चार कोंबड्यांत एक खोका पुरतो.

(दृश्य: दांडीखालचा पत्रा बाहेर ओढला जातो. एका रात्रीची शीट.)

एवढी सगळी एका रात्रीची. शीटेत बहुतेक पाणीच असतं. तिच्यातला पांढरा भाग म्हणजे युरिक ॲसिड, आणि ओलावा मिळाला की जंतू त्याचा अमोनिया करतात. सकाळी नाकाला झोंबतो तो हाच. त्यात भर कोंबडीच्या श्वासाची. तिला घामाच्या ग्रंथी नसतात. अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास, आणि त्यातली बरीच उष्णता श्वासातल्या वाफेबरोबर बाहेर पडते. ही उबदार, दमट हवा वर चढते. तिला वाट वरच हवी: छपराच्या वळचणीखाली, झोपलेल्या कोंबडीच्या डोक्यापेक्षा उंच, समोरासमोरच्या दोन भिंतींत. एका कोंबडीमागे साधारण एक चौरस फूट उघडी जाळी, असा हिशेब धरा. दाराजवळच्या दोन भोकांनी हे काम होत नाही.

(दृश्य: रिकाम्या खुराड्यात धुराची काडी.)

खुराड्याच्या जमिनीवर भुसा अंथरण्याआधी अशी एक धुमसती काडी दांडीच्या उंचीवर धरून बघा. धूर सरळ वर चढून झरोक्यातून निघून गेला, तर झरोके बरोबर आहेत. आडवा पळाला, तर वारा झोपलेल्या कोंबड्यांच्या अंगावरून जाणार. छपराखालीच घुटमळत राहिला, तर करवत घ्या आणि झरोका वाढवा. थंडी वाजेल म्हणून झरोके बुजवू नयेत. कडाक्याच्या थंडीत कोंबड्यांचे तुरे गारठून काळे पडतात, आणि हवा दमट असली की जास्तच. कोंदट हवेत पहिले आजार श्वासाचे येतात.

(दृश्य: मोजपट्टी.)

खुराड्यावर ‘६ कोंबड्यांसाठी’ लिहिलेलं असलं, तरी मोजपट्टी लावा. खोके सोडून उरलेली जमीनच मोजायची. पूर्ण वाढीच्या कोंबडीला आत ४ चौरस फूट, बाहेरच्या जाळीच्या आवारात १० चौरस फूट. म्हणजे ४ फूट बाय ३ फुटांची जमीन तीन कोंबड्यांची. एकटी कोंबडी ठेवू नये, त्यामुळे तीन ही सुरुवातीला चांगली संख्या. पण पुढे वाढवायच्या असतील, तर मोठं खुराडं आत्ताच घ्या. गर्दी झाली की त्या एकमेकींची पिसं उपटतात.

(दृश्य: दोन जाळ्या शेजारी शेजारी. पक्कड एकीचा धागा सहज ओढून काढते.)

डावीकडची षटकोनी जाळी कोंबडी अडवण्यापुरती आहे. कुत्रं ती दातांनी ओरबाडून काढतं, उंदीर भोकातून आत शिरतो. उजवीकडची आहे अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड केलेली चौकोनी जाळी. झरोक्यांनाही हीच लावा, आणि नुसत्या पिनांवर सोडू नका. वॉशर घालून स्क्रूने आवळा. उकरणारा प्राणी भिंतीलगत उकरतो, म्हणून आवाराच्या कडेने बाहेरच्या बाजूला ३० सेंटिमीटर जाळी जमिनीवर आडवी पसरून मातीखाली दाबा. दाराची फिरती खुंटी पंजाच्या धक्क्याने फिरते. कडी घाला, आणि कडीत स्प्रिंगचा हुक.

(दृश्य: विस्कटलेलं आवार, पिसं.)

इथे दारावर खुंटीच होती.

(दृश्य: दांडीचं टोक खाचेतून उचललं जातं, खाचेत हलणारे ठिपके.)

या लाल गोचिडीसारख्या बारीक किडी आहेत, माइट. दिवसा त्या फटींत बसतात, रात्री दांडीवर चढून रक्त पितात. अंधार पडल्यावर दांडीच्या खालच्या अंगाला पांढरा कागद घासला आणि लाल रेघ उमटली, तर त्या आहेतच. म्हणून दांडी हाताने उचलून निघाली पाहिजे, खालचा पत्रा ओढून निघाला पाहिजे, आणि छप्पर किंवा मागची भिंत पूर्ण उघडली पाहिजे. दुकानात हे तिन्ही स्वतः करून बघा. छपरावर डांबरी कागद ठोकलेला असेल तर ते खुराडं टाळा. त्याच्याखालची किड निघता निघत नाही. प्लॅस्टिकचं खुराडं धुवायला सोपं असतं, फटी कमी. झरोके मात्र त्याचेही मोजूनच घ्या.

जागा उंचवट्याची निवडा. खुराड्याचा तळ जमिनीपासून ३० ते ४५ सेंटिमीटर वर राहू द्या. त्याने लाकूड कुजत नाही, उंदरांना आडोसा मिळत नाही. कोंबड्या आल्यावर पहिला आठवडा त्यांना खुराडं आणि आवार एवढ्यातच ठेवा. पहिल्या एक-दोन संध्याकाळी एखादी कोपऱ्यात जमिनीवरच बसलेली दिसेल. अंधार पडल्यावर तिला उचलून दांडीवर ठेवा. सगळ्या न सांगता आत जाऊ लागल्या की मग आवाराचं बाहेरचं दार उघडा, आणि तेही आधी संध्याकाळच्या तासाभरासाठीच.