ड्रॉ म्हणजे नुसतं चित्र काढणं नव्हे

(हातात दोर बांधलेला पोहरा)

राम राम मंडळी! पोहरा बघून वाटलं असेल, सर आज इंग्रजी सोडून पाणीटंचाईवर बोलणार. तसं नाही. आजचं क्रियापद आहे ड्रॉ.

वर्गात विचारलं की सगळी लेकरं एका सुरात सांगतात, "सर, चित्र काढणे!" बरोबर आहे, पण तो अर्थ मागाहून आला. मुळात ड्रॉ म्हणजे ओढणं. कॉम्प्युटरवर आपण फाइल ड्रॅग करतो ना, ते ड्रॅग याच्याच भावकीतलं.

हा पोहरा आडात सोडला, दोर ओढला: ड्रॉ वॉटर फ्रॉम द वेल. बैलांनी ओढलेली गाडी, बुलक-ड्रॉन कार्ट. टेबलाचा खण ओढून उघडायचा, म्हणून तो ड्रॉवर. आणि कागदावर पेन्सिल ओढत नेली की रेघ उमटते. मराठीतही रेघ ओढतोच की आपण! चित्र आलं ते तिथून.

आता खरी गंमत. आपलं 'काढणे' घ्या. प्राकृतातलं 'कड्ढ', त्याचाही अर्थ ओढणं. त्यातूनच हे काढणे आलं. म्हणजे एक शब्द तिकडं इंग्लंडात, एक इकडं आपल्या रानात, आणि दोघांची सुरुवात ओढण्यानंच! पुढंही दोघं बराच काळ एकाच चाकोरीनं चालले. पाणी काढणं, चित्र काढणं, रक्त काढणं, चिठ्ठी काढणं, निष्कर्ष काढणं, तलवार काढणं. सगळीकडं बिनधास्त ड्रॉ लावा.

पगार काढणं पण. सरकारी कागदावर शिक्का बघितलाय का, 'आहरण व संवितरण अधिकारी'? इंग्रजीत ड्रॉइंग अँड डिस्बर्सिंग ऑफिसर. मला लहानपणी वाटायचं, हे साहेब चित्रकलेच्या परीक्षा घेतात! कोषागारातून पैसे काढायचे आणि वाटायचे, हे त्यांचं काम. खरं सांगू, मराठीपेक्षा इंग्रजी नावच सोपं आहे.

बँकेतून पैसे काढताना मात्र विथड्रॉ म्हणा. यातलं 'विथ' म्हणजे 'सोबत' नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याला विरुद्ध, दूर असा अर्थ होता. ड्रॉइंग रूमसुद्धा मूळची विथड्रॉइंग रूम. पंगत उठल्यावर मंडळी बाजूला होऊन बसायची, ती खोली. आपली बैठक म्हणा ना. तिथं चित्रं काढत नव्हतं कुणी.

क्रिकेटचं पटकन सांगतो. वेळ संपला, निकाल नाही, तर कसोटी ड्रॉ. धावा सारख्या होऊन शेवटची विकेट पडली, तर टाय. १९८६ साली मद्रासला भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी झाली, ती टाय.

रूपं पाठ करा: ड्रॉ, ड्रू, ड्रॉन. ड्रॉन हं, ड्रोन नव्हे. ड्रोन फवारणीला येतो.

आता सावध व्हा, कारण इथं चाकोरी फुटते. एका लेकरानं पेपरात लिहिलं, 'आय ड्रू अ सेल्फी.' फोटोला टेक. कर्ज काढलं, त्यालाही टेक. सोयाबीन काढलं, तिथं हार्वेस्ट. लेकरानं बापाचं नाव काढलं, तर काय म्हणाल? ड्रू हिज फादर्स नेम म्हणालात तर पोरगं पाटीवर बापाचं नाव रंगवत बसलंय असं दिसेल. मेड हिज फादर प्राउड म्हणा.

आणि आमची आजी म्हणायची, "१९७२ च्या दुष्काळात खडी फोडून दिवस काढले रे बाबा." यातलं 'काढले' इंग्रजीत कसं न्याल? वुई गॉट थ्रू दोज डेज. वाक्य बरोबर आहे. पण आजीचं 'काढले' ऐकताना दोराचा ताण हाताला लागतो, तो त्या 'गॉट थ्रू'मध्ये मला अजून सापडला नाही.

तुमच्याकडं अजून काय काय काढतात? खाली लिहा. खोड्या सोडून.