जजला काढायचं कुणी?

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या आठवड्यात सातारा स्टँडवर कोल्हापूर गाडीची वाट बघत उभा होतो. शेजारी एक आजोबा. हातात नायलॉनची पिशवी, तिच्यात सातबारा, फेरफार आणि निकालाची नक्कल. भावकीतला वाटणीचा दावा. माझा काळा कोट बघून म्हणाले, "वकीलसाहेब, कलेक्टरची बदली हुती, फौजदार सस्पेंड हुतो. मग हायकोर्टाच्या जजला काढायचं कुणी?"

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय. सातारा-सांगलीसह सहा जिल्ह्यांची कामं तिथं चालतात. पूर्वी आदल्या रात्री मुंबईची गाडी धरायची, आता सकाळी निघून रात्री जेवायला घरी. हायकोर्ट जवळ आलं, तसे हे प्रश्नही स्टँडवर आले.

आजोबांना आधी एवढंच सांगितलं, की निकाल विरुद्ध गेला म्हणून न्यायाधीश जात नसतो. त्याला अपील. काढायची कारणं राज्यघटनेत दोनच आहेत: सिद्ध झालेलं गैरवर्तन किंवा अक्षमता. तालुका-जिल्ह्याच्या कोर्टांवर हायकोर्टाचं नियंत्रण असतं. पण हायकोर्टाच्या न्यायाधीशाला सरन्यायाधीशसुद्धा घरी पाठवू शकत नाहीत. बदली होऊ शकते, पदावरून काढायचं तर संसदेतच जावं लागतं.

लोकसभेच्या 100 किंवा राज्यसभेच्या 50 खासदारांनी सह्या करून नोटीस द्यायची. ती दाखल करून घेतली, तर तिघांची समिती चौकशी करते: सुप्रीम कोर्टाचे एक न्यायाधीश, एका हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश आणि एक कायदेपंडित. समितीला दोष आढळला तरच मतदान, तेही दोन्ही सभागृहांत, एकाच अधिवेशनात. शेवटी राष्ट्रपतींचा आदेश. (वर्तमानपत्रं याला महाभियोग म्हणतात. घटनेत तो शब्द राष्ट्रपतींपुरता आहे, पण बोलताना मीही तोच वापरतो.)

खरी मेख मतमोजणीत आहे. मतांना दोन चाळण्या लागतात. हजर राहून मत देणाऱ्यांतले दोन तृतीयांश बाजूनं हवेत, आणि शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त. लोकसभेच्या 543 जागा धरल्या, तर किमान 272.

आता मे 1993 मध्ये काय झालं बघा. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी पूर्वी पंजाब-हरियाणा हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते, त्या काळातल्या खर्चाबद्दल आरोप होते. चौकशी समितीचे प्रमुख आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत. समितीनं दोषी धरलं. प्रस्ताव लोकसभेत आला. बाजूनं मतं 196. विरोधात शून्य! आणि तरी प्रस्ताव पडला. कारण 205 खासदार सभागृहात बसून राहिले, मत कुणालाच दिलं नाही. दोन तृतीयांशाची चाळणी पार झाली, निम्म्याची झाली नाही. रामस्वामी पुढच्या वर्षी वयोमानाप्रमाणे निवृत्त झाले.

हे ऐकून आजोबा म्हणाले, "म्हंजे न बोलता वाचिवला की!" मला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं.

दुसरं उदाहरण कलकत्ता हायकोर्टाचे सौमित्र सेन यांचं. वकील असताना कोर्टानं त्यांच्याकडे सोपवलेल्या पैशांचा अपहार केल्याचा ठपका होता. ऑगस्ट 2011 मध्ये राज्यसभेत 189 विरुद्ध 17 मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. पुढची पायरी लोकसभा. त्याआधीच सेन यांनी राजीनामा दिला. न्यायाधीशाचा राजीनामा म्हटलं की आपल्याला माहुलीचे रामशास्त्री आठवतात. हा राजीनामा त्या प्रकारचा नव्हता. लोकसभेत मग मतदान झालंच नाही. जो खुर्चीत नाही, त्याला खुर्चीवरून उठवणार कसं?