तीस वर्षांनंतरचा कागद : मुंबईतील भाड्याच्या इमारतींची तपासणी

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत अतिधोकादायक इमारतींच्या दोन याद्या जाहीर होतात. एक महापालिकेची असते. दुसरी म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाची, शहर भागातील उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची. अतिधोकादायक ठरलेल्या या इमारतींचे मालक बहुधा त्यांत राहत नाहीत. राहतात ते भाडेकरू, आणि त्यांतील पुष्कळसे पागडीचे, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने राहणारे. आपल्या इमारतीचे नाव ज्या मालकाने प्रथम वर्तमानपत्रातच वाचले, त्याच्या हातून तोपर्यंत बरेच काही निसटून गेलेले असते, कारण यादी हा या प्रक्रियेचा शेवटचा टप्पा आहे. प्रक्रिया सुरू होते इमारतीला तीस वर्षे पूर्ण होतात तेव्हा.

पालिकेचा अभियंता ठरावीक काळाने येऊन प्रत्येक इमारत तपासून जातो, असा सर्वसाधारण समज आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ३५३ ब वेगळेच सांगते. या कलमानुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी, म्हणजे रोजच्या बोलण्यातले स्ट्रक्चरल ऑडिट, मालकाने किंवा भोगवटादाराने स्वतःच करून घ्यायची असते, तीही महापालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून. त्या अभियंत्याने सुचवलेल्या दुरुस्त्या करून इमारत स्थिर असल्याचे प्रमाणपत्र पालिकेला सादर करायचे असते. ते न करणाऱ्यास २५,००० रुपये किंवा इमारतीच्या वार्षिक मालमत्ता कराएवढी रक्कम, यांपैकी जी जास्त असेल तेवढा दंड होऊ शकतो. पुणे, ठाणे यांसारख्या अन्य महापालिकांच्या हद्दीत हीच तरतूद महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ मध्ये आहे. थोडक्यात, पालिका तपासायला येण्याआधी कागद मागते, आणि तो कागद मालकाच्या खर्चाने तयार होतो.

इथेच या व्यवस्थेचा पेच आहे. भाडे नियंत्रणाखालील जुन्या खोलीचे महिन्याचे भाडे अनेकदा काही शे रुपयांच्या पुढे जात नाही. त्याच खोलीखालच्या जमिनीची किंमत मात्र कोट्यवधींत मोजली जाते. इमारत उभी राहिली तर मालकाच्या पदरी खर्च पडतो, आणि ती धोकादायक ठरून पाडली गेली तर पुनर्विकासाचा मार्ग मोकळा होतो. त्यामुळे मालकाने पैसे देऊन आणलेल्या अहवालावर भाडेकरूंचा विश्वास बसत नाही. ते वर्गणी काढून दुसरा अभियंता आणतात. त्याच खांबांना पहिला अभियंता कोसळण्याच्या बेतात असल्याचे म्हणतो, तर दुसरा दुरुस्त होण्याजोगे. यात मालक नेहमीच खोटा असतो असे मुळीच नाही. भाडेकरूंनाही घर सोडायचे नसते आणि त्यांच्या अभियंत्याची फी तेच देत असतात, हेही नोंदवले पाहिजे.

खरी तपासणी कशी होते, ते आता जवळून पाहू. अभियंता प्रथम लहान हातोडीने गिलाव्यावर ठोके देत जातो. आवाज भरीव आला तर तो पुढे सरकतो. पोकळ आला तर तिथे खडूने खूण करतो. मग खांबाच्या कोपऱ्यावरचा सैल झालेला गिलावा काढून, आतले काँक्रीट ताजे फोडून त्यावर फिनॉल्फथॅलिनचे द्रावण फवारले जाते. काँक्रीटचा मूळचा अल्कधर्म टिकून असेल तर तो भाग काही क्षणांत गडद गुलाबी होतो. हवेतील कार्बन डायऑक्साइडने तो नाहीसा केला असेल तर काँक्रीट आपल्या राखाडी रंगाचेच राहते. हा रंग न चढलेला थर सळईपर्यंत पोहोचला असेल, तर सळईचे संरक्षण संपले असे समजावे. गंजू लागलेली सळई फुगते आणि आपल्या अंगावरचे काँक्रीट बाहेर ढकलते. छतातून पडणारे जे पोपडे वर्षानुवर्षे सिमेंट थापून आणि रंग मारून झाकले जातात, ते बहुधा याच गंजाचे काम असते.

याखेरीज रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजला जातो, अल्ट्रासोनिक ध्वनिलहरींनी आतील भेगा आणि पोकळ्या शोधल्या जातात, हाफ सेल चाचणीने सळईच्या गंजाचा अंदाज घेतला जातो, आणि आवश्यक तिथे काँक्रीटचा दंडगोलाकार नमुना कापून प्रयोगशाळेत दाबून पाहिला जातो. गिरगाव, काळबादेवी, लालबाग या भागांतील लाकडी सांगाड्याच्या जुन्या चाळींत या यंत्रांचा उपयोग मर्यादित आहे. तिथे पाहायचे असते ते तुळईचे भिंतीत शिरलेले टोक. मोरीचे आणि सामायिक संडासाचे पाणी झिरपून ते आतून कुजलेले असते, आणि बाहेरून रंग मात्र शाबूत दिसतो.

अहवालानंतर इमारतीचे वर्गीकरण होते. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याची इमारत. सी-२ अ मध्ये इमारत पूर्ण किंवा अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती करावी लागते. सी-२ ब मध्ये रहिवासी आत असतानाच संरचनात्मक दुरुस्ती होऊ शकते. सी-३ मध्ये किरकोळ दुरुस्ती पुरते. सी-१ ठरलेल्या इमारतीवर मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ ची नोटीस निघते. मालक आणि भाडेकरू यांच्यातील बहुतेक झगडा सी-१ आणि सी-२ अ यांमधल्या रेषेवर असतो.

दोन अहवाल एकमेकांच्या विरुद्ध गेले तर काय करायचे, याची पद्धत मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१४ मध्ये आखून दिली. परस्परविरोधी अहवाल पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातात आणि वर सांगितलेल्या चाचण्यांच्या आधारे ही समिती इमारतीची वर्गवारी ठरवते. नुसते डोळ्यांनी पाहून लिहिलेला अहवाल तिथे टिकत नाही. म्हणून ज्या मालकाला आपली बाजू खरी असल्याची खात्री आहे, त्याने स्वस्तातला अहवाल न आणता सर्व चाचण्यांचे आकडे, त्या कुठे घेतल्या याचे नकाशे आणि छायाचित्रे जोडलेला अहवाल आणणे शहाणपणाचे ठरते.

तपासणीचे कागद पूर्ण असले म्हणजे इमारत सुरक्षित, असे मात्र नाही. २७ सप्टेंबर २०१३ रोजी पहाटे डॉकयार्ड रोड स्थानकाजवळची, बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ जण दगावले. ती तेव्हा सुमारे तीन दशके जुनी होती, तिच्यात पालिकेचे कर्मचारी राहत होते, आणि तिची मालक खुद्द महापालिकाच होती. इतरांकडून प्रमाणपत्रे मागणारी संस्था मालक म्हणून स्वतःच उणी पडली, आणि हे या शहरातील प्रत्येक घरमालक आजही बोलून दाखवतो. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. मात्र त्यामुळे त्याची स्वतःची जबाबदारी कमी होत नाही. इमारत पडून माणसे दगावली तर मालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो.

घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली, त्यात १७ जणांचा मृत्यू झाला, आणि तपासात मुख्य आरोप होता तो तळमजल्यावरच्या फेरबदलांचा. भाड्याच्या इमारतीत असे फेरबदल मालकाच्या नजरेआड होत राहतात. कुणी भिंत काढून दुकान मोठे करतो, कुणी पोटमाळा चढवतो, कुणी गॅलरीत मोरी बांधतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २८ नुसार भाडेकरूला आधी कळवून, सोयीच्या वेळी जागेची पाहणी करण्याचा हक्क मालकाला आहे. हा हक्क वापरणारे मालक फार थोडे. बहुतेकांना तो भाडेवसुलीच्या वादात आठवतो. त्याच कायद्याचे कलम १४ जागा चांगल्या स्थितीत ठेवण्याचे बंधन मालकावर घालते. नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. भाडेच एवढे तुटपुंजे असताना या रकमेत गळणारा नळही धड बदलून होत नाही.

दक्षिण मुंबईतील उपकरप्राप्त इमारतींचे चित्र थोडे निराळे आहे. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या या भाड्याच्या इमारतींकडून दुरुस्ती उपकर घेतला जातो आणि संरचनात्मक दुरुस्ती म्हाडाचे मंडळ करते. पावसाळ्यापूर्वीचे सर्वेक्षणही तेच करते. पण इमारत धोकादायक ठरली की मालकापुढे घड्याळ सुरू होते. म्हाडा अधिनियमाच्या कलम ७९ अ नुसार पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यासाठी मालकाला सहा महिने मिळतात. त्याने तो दिला नाही, तर पुढचे सहा महिने भाडेकरूंच्या नियोजित सहकारी संस्थेला मिळतात. त्यांच्याकडूनही काही झाले नाही, तर म्हाडा ती मालमत्ता संपादित करून पुनर्विकास स्वतः करू शकते.

सी-१ ची इमारत रिकामी होत नसेल तर पालिका तिची वीज व पाणी तोडते आणि गरज पडल्यास पोलिसांची मदत घेते. मात्र हातोडा पडण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातील चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, मोजून त्याची नोंद करणे २०१४ च्या त्या आदेशानुसार पालिकेवर बंधनकारक आहे, कारण इमारत पाडल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही. मोजणीच्या दिवशी मालक, भाडेकरू आणि पालिकेचा अभियंता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत टेप धरून फिरतात. गॅलरी धरायची की नाही, पोटमाळा अधिकृत आहे की नाही, यावर तिथल्या तिथे हुज्जत होते. म्हणून समंजस मालक जुन्या भाडेपावत्या आणि मंजूर नकाशा घेऊनच या मोजणीला हजर राहतो. पुढे नव्या इमारतीत कोणाला किती जागा मिळायची, हा हिशेब त्या दिवशी लिहिलेल्या आकड्यांवरूनच होतो.